वाक्य संपेपर्यंत

सबनीसकाका आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले तेव्हा मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. घरी कोणी नवीन माणूस आला की मी दाराआडून पाहत असे. टांग्यातून उतरता उतरता त्यांनी मला पाहिलं. "अर्धाच चेहरा दिसतोय," ते म्हणाले. "असू दे. अर्धाच बरा आहे." मी मागे सरले. "आता गेली," ते शेजारी कोणी नसताना कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले आणि हमालाकडे वळले. "तू ट्रंक उचल. हळू. कमरेतून नको, गुडघ्यातून. हां. आता उंबरा आहे. उंबरा बघ."

हमालाने ट्रंक खाली ठेवली. "बाबा, तुमी उचलता का मी उचलू?"

पुढे आमच्या घराला याची सवय झाली. काका समोर असले की कोणतंही काम त्यांच्या तोंडून आधी होई आणि मग हातून. ओट्यावर बसून ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला सांगत, "आता उलटा. थांबा. आता दाबा, कडेनं दाबा." आई एकदा म्हणाली, "काका, ही पोळी आहे, नटी नाही. सांगितलं नाही तरी फुगते." ते मनापासून हसले आणि पुढच्या पोळीला पुन्हा सुरू झाले. वडील मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. सायकल जिन्याखाली लावताना त्यांनाही सूचना मिळत. ते एक अक्षर न बोलता त्या पाळत, कारण त्या बरोबर असत.

मला मात्र काकांनी कधी "मोठ्यानं बोल" असं सांगितलं नाही. शाळेतल्या सिस्टर रोज तेच सांगायच्या. घरी आलेले पाहुणे तर माझ्यासमोरच आईला विचारायचे, "ही बोलते ना?" काका मला 'मिस' म्हणत. त्यांच्या काळात नट्यांच्या नावापुढे पडद्यावर मिस लावायचे म्हणे. "तुझं काही बिघडलेलं नाही, मिस," ते म्हणाले. "तू फक्त उशिरा जन्मलीस. मूकपटात तुला रांगेनं कामं मिळाली असती."

त्यांच्या आयुष्याचा नीट क्रम मला आजही लावता येत नाही, कारण ते क्रमाने काही सांगत नसत. लहानपणी एका नाटक कंपनीत पडदे रंगवायचे. त्यातून चित्रपट कंपनीत गेले, तेही राजवाडे आणि जंगलं रंगवायलाच. मग कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला शिकले. एके दिवशी दिग्दर्शकाला हिवताप भरला आणि कंपनीच्या मालकाने हातात भोंगा दिला. तो नंतर बरीच वर्षं त्यांच्या हातात राहिला. आधी देवादिकांचे, मग तलवारींचे असे कितीतरी मूकपट त्यांनी काढले. बोलपट आले आणि थोड्याच काळात त्यांचं सगळं थांबलं. नगरच्या एका थिएटरात ते मॅनेजर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. गेल्या थंडीत ते गेले.

भोंग्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्यापासून सुरू होतं. मूकपटात आवाज टिपला जात नसे. त्यामुळे कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक वाटेल तितकं बोलू शकत असे. बाकीचे अधूनमधून बोलत. काका सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत. "मान वर. आणखी. आता तो येतोय, तुला ठाऊक नाही. आता ठाऊक झालं. ओठ चाव. रड." नट त्यांच्या आवाजाचा हात धरून चालत. पुढे काय करायचं ते पाठ करण्याची कुणाला गरजच नसे. काका सांगतील तसं करायचं, आणि काका काही बोलत नसतील तर जे चाललंय ते चालू ठेवायचं, असा नियम होता.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या डोंगरात त्यांचं एकदा शूटिंग होतं. नायक शत्रूच्या तावडीतून सुटून दरीत उतरतो, असा प्रसंग होता. काका कड्यावर उभे राहून भोंग्यातून ओरडत होते, "पळ. मागे बघू नकोस. ते आलेत. झाडीत घुस. पळ." नायक पळाला. शॉट चांगला झाला. संध्याकाळी गावचा पाटील चारपाच माणसं घेऊन तंबूवर आला. समोरच्या डोंगरावर मेंढ्या चारणारा एक म्हातारा तो आवाज ऐकून मेंढ्यांसकट पळाला होता आणि पुढच्या गावात जाऊन त्याने सगळ्यांना दारं लावायला लावली होती. "आमचं गाव अजून दारं उघडंना," पाटील म्हणाला. "तुमच्या त्या भोंग्यानं आता उघडाया सांगा." काका खरोखर कड्यावर गेले आणि त्यांनी दारं उघडायला सांगितलं.

दुसरी गोष्ट ते गंभीरपणे सांगत. आवाज नाही म्हणून नट ओठांनी वाटेल ते बोलत. एका करुण प्रसंगात वनवासी राजा राणीचा निरोप घेतो. मध्येच पडद्यावर लिखित संवादाची पाटी येई, तिच्यावर मोठमोठे शब्द असत आणि बायका पदराने डोळे पुसत. एका गावी पहिल्या रांगेत एक बहिरा माणूस बसला होता. तो पोट धरून हसायला लागला. राजा प्रत्यक्षात म्हणत होता, "दुपारचं पिठलं बाधलं गं, लवकर आटप." ओठांवरून त्या माणसाला सगळं वाचता येत होतं. त्यानंतर काकांनी नियम केला की ओठांनी तेच शब्द म्हणायचे, जे पाटीवर येणार आहेत. "ऐकू जाणार नाही म्हणून काहीही बोलायचं नाही," ते म्हणत. "बघणारा कुठंतरी असतो."

मग बोलपट आले. पहिल्याच बोलपटात त्यांच्या तोंडाने घात केला. राणीचा विलाप पडद्यावर चालला होता, मालकाने पाहुणे बोलावले होते, आणि विलापाच्या मधोमध काकांचा आवाज आला, "नाक पुस आधी." पाहुणे इतके हसले की मालकालाही हसावं लागलं. पण दुसऱ्या दिवशी आवाज टिपणाऱ्या माणसाने काकांच्या हातात घडी घातलेला रुमाल दिला. शॉट सुरू झाला की तो दातात धरायचा. कंपनीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्या दिवसापासून सेटवरची पोरं आपसात 'रुमाल मास्तर' म्हणू लागली.

रुमालाचंही ते हसत सांगत. हातांची गोष्ट मात्र त्यांनी कधी सांगितली नाही. ती गावच सांगे.

त्यांच्या दोन्ही तळहातांची कातडी ओढून शिवल्यासारखी होती आणि डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. कप ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरत. थिएटरचा दारवान तिकिटाच्या रांगेतल्या लोकांना मॅनेजरच्या केबिनकडे बोट दाखवून सांगे की, साहेबांनी पेटलेल्या हिरॉईनला या हातांनी विझवलं. तोंडात रुमाल होता, ओरडता येईना, म्हणून आगीत उडी घातली. आम्ही ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती आम्हाला आमच्या घरचीच वाटे. कुणी काकांसमोर काढली तर ते हात कोटाच्या खिशात घालत आणि म्हणत, "चहा निवला." एका मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला होता. ते गेलेही. वक्ता हातांपर्यंत आला तेव्हा ते खुर्चीवरून उठले, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले आणि चालत घरी आले. शाल कुणीतरी मागाहून आणून दिली. सगळे म्हणाले, केवढा विनय.

गेल्या थंडीतल्या शोकसभेतही तेच झालं. रुमाल, आग, उडी, विनय. मी मागच्या बाकावर होते. ही गोष्ट काकांनी स्वतः दुरुस्त केली होती, पण ती जामखेडला. नगरपर्यंत ते पोचलंच नाही.

दुष्काळाच्या वर्षी मी पुण्याहून बी.ए. होऊन परत आले होते आणि आमच्या चर्चच्या मदतकार्यात मला तात्पुरतं काम मिळालं होतं. परदेशातून येणाऱ्या साहित्याचे अहवाल इंग्रजीत लिहायचे आणि जीपबरोबर गावोगाव जाऊन पोती नीट पोचली का ते पाहायचं. बोलण्याचं काम ड्रायव्हर भानुदास करी. जामखेडजवळच्या एका गावी सुकडीची, म्हणजे वाटपाच्या पौष्टिक पिठाची, पोती उतरवून घ्यायला आम्ही पिठाच्या गिरणीत थांबलो. पत्र्याची शेड, बाहेर डिझेलचं इंजिन, आत रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या बायका. गिरणीवाली बाई उंच होती, पापण्यांपर्यंत पिठाने माखलेली. पीठ बसलं नव्हतं ते फक्त मानेच्या एका बाजूला. तिथली कातडी गुळगुळीत आणि चकचकीत होती.

"नगरहून आलीस व्हय?" त्या बाई गिरणीच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडल्या. "तिथं सबनीस मास्तर म्हणून हायेत. शिनेमाचे. हायेत का गेले?"

मी मान हलवली. आहेत, आमच्याच घरी राहतात, असं सांगायला मला थोडा वेळ लागला.

"त्येंना म्हणावं सगुणाचा नमस्कार. म्हणावं, रोज नाव घेती मी. त्येंच्यामुळं हे दळण दळतीया." आणि रांगेतल्या बायकांना त्यांनी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. ती त्यांना पाठ असावी. एक म्हातारी तर पुढचे शब्द आधीच म्हणत होती.

घरी आल्यावर मी निरोप सांगितला. काका ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. तळहातांच्या मध्ये शेंग दाबून फोडायची त्यांची पद्धत होती.

"कोण सगुणा?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या मानेला हात लावून दाखवला.

त्यांनी आणखी एक शेंग फोडली, पण दाणे काढले नाहीत. "काय म्हणाली?"

"तुम्ही वाचवलंत म्हणाल्या. सगळ्यांना सांगतात."

त्यानंतर काही दिवस काका कुणालाच काही सांगेनात. आईच्या पोळ्या मुकाट झाल्या. वडिलांनी सायकल लावून दोनदा वळून पाहिलं. "काकांना बरं नाही का?" आईने मला विचारलं. रविवारी प्रार्थनेहून आलो तर ते पायरीवर माझी वाट पाहत होते.

"बस, मिस. एक सीन सांगतो."

त्यांनी तो नेहमीसारखाच सांगितला, समोर चालू असल्यासारखा. "समई डावीकडे. मोठी, छातीएवढी. ती उजवीकडून येते. नवरा लढाईला निघालाय. समईपाशी थांबून तिनं एक वाक्य म्हणायचंय. शॉट दोनदा वाया गेलाय. एकदा बाहेर गाढव ओरडलं, एकदा मी. आता तिसऱ्यांदा. रुमाल माझ्या हातात आहे. लोक म्हणतात तोंडात होता. तो हातात आहे. ती येते. थांबते. बोलायला लागते. पदर समईला लागतो आणि कडेला पेट धरतो. बोराएवढी ठिणगी. कॅमेरावाला तिच्या चेहऱ्यावर आहे, त्याला दिसत नाही. आवाजवाला काचेच्या मागे. दिसते फक्त मला."

ते थांबले.

"मला वाटतं, विझेल. भरजरी लुगडं आहे, जड आहे, आपोआप विझेल. आणि ती फार चांगलं बोलतेय. मूकपटात ही मुलगी माझ्या आवाजाशिवाय पापणी हलवत नसे, आणि आज एकटी बोलतेय. मी गप्प बसलोय आणि सगळं छान चाललंय. पहिल्यांदाच. मी म्हणतो, वाक्य संपू दे."

"संपलं?"

"संपलं. ते चित्रात आहे. त्यावर टाळ्या पडायच्या." त्यांनी हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "मग ओरडलो, धावलो, हे झालं. सगळे म्हणाले, बिचाऱ्याच्या तोंडात रुमाल होता. मी 'नव्हता' म्हणालो नाही. दवाखान्यात तिला सांगायला गेलो होतो. तिनं माझ्या बांधलेल्या हातांना कपाळ लावलं. मग कसं सांगणार? ती परत गावी आली. मला कंपनीनं आणखी एक बोलपट दिला. पहिल्या दिवशी सेटवर सगळे गप्प झाले, आणि ते गप्प बसणं काही मला सोसेना. उठून बाहेर आलो तो आलोच. नगरची नोकरी जामखेड जवळ म्हणून धरली, आणि मग इथेच थांबलो." मग ते म्हणाले, "तुझ्या जीपमध्ये जागा असते का?"

पुढच्या फेरीला ते बरोबर आले. काळा कोट घातला होता. रस्ताभर खडी फोडणाऱ्या बायका आणि पोरं होती. भानुदासला त्यांनी एकदाही गाडी कशी चालवायची ते सांगितलं नाही.

सगुणाबाईंनी त्यांना दारातच ओळखलं. गिरणी चालूच होती. त्या हात पुसत पुढे आल्या, वाकून नमस्कार केला आणि त्यांचं मनगट धरून त्यांना रांगेसमोर नेलं. "हे मास्तर. आता तरी खरं वाटतंय का? दावा हो हात. बघा गं." काकांनी हात पुढे केले. पाहणाऱ्यांपैकी एकीने त्या हातांना स्पर्श करून आपला हात कपाळाला लावला.

"आन् तुला पदर सावरता येईना व्हय गं, नटीबाई?" म्हातारीने विचारलं.

"नटीला पदर पाडायचा शिकवत्यात मावशे, सावरायचा न्हाई." सगळ्या हसल्या. सगुणाबाई खुशीत होत्या. त्यांनी मोठ्या आवाजात ते वाक्यही म्हणून दाखवलं, मान तिरपी करून, अगदी शुद्ध भाषेत. "दिवा तेवत ठेवीन, नाथ. तेल सरलं तर त्यात माझा जीव घालीन, पण तुमच्या परतीच्या वाटेवर अंधार पडू देणार नाही." मग एकदम त्यांची बोली परत आली. "ए, तुझा डबा पुढं घे की."

त्या जात्यात धान्य ओतायला वळल्या. काका त्यांच्या मागे गेले आणि कानाशी वाकून बोलले. गिरणी घरघरत होती. मी दोन पावलांवर होते आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. पण त्यांचे ओठ मला दिसत होते. सगुणा, मला दिसलं होतं. वाक्य संपेपर्यंत मी थांबलो. प्रत्येक अक्षर सुटं, पूर्ण. काहीही वगळलं नाही.

सगुणाबाईंनी कानाशी हात नेला. "काय? च्या?"

काकांनी मान हलवली. चहा आला.

परतताना जामखेड मागे पडल्यावर ते म्हणाले, "सांगितलं मी. पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"ऐकलंस?"

मी बाहेर पाहू लागले. भानुदासने आरशातून आमच्याकडे पाहिलं. काका स्वतःशीच म्हणाले, "मूकपटातली कबुली. आणि पाटी घालायला विसरलो." हे बोलताना त्यांचा चेहरा हसरा झाला नाही. नगर येईपर्यंत ते हात खिशात घालून बसले होते, समोर हातांबद्दल बोलणारं कोणी नसताना.

त्यानंतरचा आठवडा मला आठवतो तो त्यांच्या जेवणावरून. आई ताट पाठवी आणि ते जवळपास तसंच परत येई. एकदा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, खोटं बोलणाऱ्यानं निदान मोठ्यानं बोलावं." आईला काहीच कळलं नाही. तिने विचारलं, "भात पाठवू का मऊ?"

पुढच्या फेरीच्या दिवशी मी ऑफिसात पोचले तर ते जीपशी उभे होते. या वेळी कोट नव्हता.

गिरणीत तीच गर्दी होती. दुष्काळात रांग कमी होत नसे. धान्य थोडं थोडं मिळायचं, म्हणून दळण रोज. काका थेट जात्यापाशी गेले. "सगुणा, यंत्र बंद कर."

"का वो? दळण पडलंय की ढीगभर."

"बंद कर. मला हे ओरडून सांगता येणार नाही."

त्यांनी काकांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पट्टा उतरवला. मग बाहेर हाक मारून इंजिनही बंद करायला लावलं. आवाज थांबल्यावर शेड एकदम लहान वाटायला लागली. बायका बोलायच्या थांबल्या. "आत चला मास्तर, घरात बसू," सगुणाबाई म्हणाल्या.

"इथंच. यांच्यासमोर तू माझे हात दाखवलेस."

आणि त्यांनी सांगितलं. सीनसारखं नाही, साध्या भूतकाळात. रुमाल हातात होता. पदर पेटलेला मला दिसला. मी ओरडू शकत होतो. मी तुझं वाक्य संपायची वाट पाहिली.

कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. सगुणाबाई हातातल्या फडक्याने जात्याच्या तोंडावरचं पीठ पुसत राहिल्या. ते आधीच पुसलेलं होतं.

"किती येळ?" त्यांनी विचारलं.

"वाक्य संपेपर्यंत."

त्या खाली पाहून पुटपुटू लागल्या. मला आधी वाटलं, त्या देवाचं नाव घेताहेत. मग शब्द कळले. दिवा तेवत ठेवीन, नाथ. तेल सरलं तर त्यात माझा जीव घालीन. या वेळी अभिनय नव्हता. शेवटच्या शब्दापर्यंत त्या हळू, सारख्या लयीत म्हणत गेल्या, जशी बाई वाण्याकडे डोळ्यांसमोर माप भरून घेते. मग मान वर केली.

"इतका येळ," त्या म्हणाल्या.

काकांनी होकारार्थी मान डोलावली.

"मला चटका बसला हुता. जीव घालीन म्हणताना. मी तुमच्याकडं पाह्यलं. तुमी गप. म्हटलं, मास्तर गप हायेत म्हंजे काय न्हाई. ह्यो मानूस झुरळ दिसलं तरी बोलतुया. म्हणून म्या पुढं बोलले."

हे काकांना ठाऊक नव्हतं. ती आपल्याकडे पाहत होती हे त्यांनी पाहिलं असणार, पण कशासाठी पाहत होती ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी बाजूच्या डब्यावर हात टेकला. ज्या बाईचा डबा होता तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, म्हणजे हलणार नाही.

"कबूल तरी करतुया बिचारा," म्हातारी म्हणाली.

"तू गप गं मावशे. तुझा न्हाई पदर जळला." सगुणाबाईंचा आवाज चढला नाही. त्या काकांकडे वळल्या. "मी पोरांना सांगितलं. भाच्यांना सांगितलं. लोक माझ्या मानंकडं बघून तोंड फिरवायचे, तवा मी तुमचं सांगायची. मंग ते परत बघायचे." मग त्यांनी विचारलं, "विझवली ती तुमीच ना? ते तरी खरं हाय?"

"खरं आहे."

"मंग तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. आज जे आणलंय ते माघारी घिऊन जावा. माझ्याकडं त्याला जागा न्हाई."

त्यांनी बाहेर हाक मारली. इंजिन दोनदा अडखळून सुरू झालं. त्यांनी पट्टा चढवला आणि गिरणी पुन्हा घरघरू लागली. बायकांनी डबे पुढे सरकवले. सगुणाबाईंनी चिमूटभर पीठ दोन बोटांत घेऊन दाराकडे धरलं, चोळून पाहिलं. मग ओरडल्या, त्या आवाजात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मास्तर, उजेडातनं सरका. पीठ दिसंना."

काका सरकले. ते दाराबाहेर जातील असं मला वाटलं होतं. ते भिंतीपाशी गेले आणि रिकाम्या पोत्यांच्या बाजूला उभे राहिले. आता उजेड सरळ आत येत होता आणि त्यात पीठ उडत होतं. सगुणाबाईंनी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांना जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. भानुदास पोती उतरवून परत येईपर्यंत बराच वेळ गेला. तोवर काका तसेच उभे होते, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडून. त्यांच्या केसांवर, भुवयांवर आणि त्या हातांवर पीठ बसत गेलं, आणि त्यांनी ते झटकलं नाही.